भूल देताना

खिडकीजवळच्या खाटेवरच्या बाईंनी तिचा हात मनगटाशी धरला आणि शेजारच्या खाटेला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं, "डॉक्टर, खरं सांगा. काल मी गेले होते का?"

गुंगी अजून उतरली नसेल, असं तिला आधी वाटलं. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी पेशंटला बघून जायचा तिचा शिरस्ता होता. मळमळतंय का, घसा दुखतोय का, एवढं विचारायचं आणि पुढच्या खाटेकडे वळायचं. बहुतेकांना ती आठवतही नसे. पोट उघडणारा सर्जन लक्षात राहतो, झोपवणारी कुणाच्या लक्षात राहणार? पण या बाईंचे डोळे लख्ख होते, आणि कालच पित्ताशय काढलेल्या बाईची वाटू नये इतकी त्यांची पकड घट्ट होती.

"कुठे गेला होतात?" तिने हसून विचारलं.

"कुठे ते तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच म्हणत होतात ना, माझ्या डोक्याशी उभ्या राहून. माणूस गेल्यावर म्हणतात ते. आमच्या ह्यांच्या वेळी म्हटलेलं. अजून वर्षसुद्धा झालं नाही, ती चाल माझ्या कानातून गेलेली नाही. काल हात हलेना, जीभ हलेना, आणि ते मात्र ऐकू येत होतं. मी मनात म्हटलं, अगंबाई, हे माझ्यासाठीच चाललंय की." बाईंनी दाराकडे बघितलं. "मुलगा म्हणतो, सगळं नीट झालं. तो तसंच सांगणार. तुम्ही सांगा. माझं हृदय बंद पडलं होतं ना?"

"काहीही बंद पडलं नव्हतं. मी तुम्हाला आकडे मोजायला सांगत होते."

"आकडे नव्हते ते," बाई म्हणाल्या आणि त्यांनी हात सोडला. खोटं बोलणाऱ्याचा सोडतात तसा.

जिना उतरताना तिने स्वतःशी हसून बघितलं, पण ते जमलं नाही. माणसं भुलेत काय वाटेल ते ऐकतात, हे तिला पाठ होतं. कुणाला आगगाडी ऐकू येते, कुणाला मेलेली आई हाक मारते. कान सगळ्यांत शेवटी जातात, म्हणून टेबलाशी फालतू बोलायचं नाही, असं तिनेच शिकाऊ डॉक्टरांना बजावून ठेवलं होतं. तेव्हा बाईंच्या डोक्यात नवऱ्याच्या चितेचं उरलंसुरलं काहीतरी वर आलं असणार, झालं. एवढं सरळ स्पष्टीकरण हाताशी होतं. तरी मधल्या मजल्यावर ती थांबली. फिनेलचा वास होता, कुणीतरी खाली मोठ्याने फोनवर बोलत होतं. तिने जिभेने टाळू चाचपली. तोंडात एखादी वस्तू आहे का, हे बघावं तसं.

थिएटरच्या सिस्टर कपाटात सुयांचे खोके लावत होत्या. तिच्याबरोबर इतकी वर्षं काम केलेली बाई, उगाच शब्द वाया न घालवणारी. तिने विचारलं, "सिस्टर, मी भूल देताना काही म्हणते का?"

सिस्टरनी मागे वळूनही बघितलं नाही. "म्हणता की."

"काय म्हणते?"

"ते मला काय कळणार? देवाधर्माचं काहीतरी आहे. एका सुरात. नव्या मुली येतात ना, त्यांना आम्ही सांगून ठेवतो, मॅडमचं म्हणून झालं की पेशंट झोपला समजा, मग डोळ्यांवर लावायची चिकटपट्टी पुढे करायची." आता त्या वळल्या. "म्हणजे तुम्हाला माहीतच नाही?"

शेजारच्या बेसिनपाशी कोपरापर्यंत साबण लावत उभा असलेला सर्जन हे सगळं ऐकत होता. कॉलेजपासूनचा मित्र, जिभेला हाड नसलेला. "अगं, भिंतीवरचा देव उतरवलास आणि तोंडात ठेवलास होय?" तो म्हणाला. नव्या थिएटरच्या भिंतीवर कुणीतरी देवाची तसबीर लावली होती, ती चौकटीवर धूळ बसते म्हणून तिने पहिल्याच आठवड्यात काढायला लावली होती. तेव्हा बराच गवगवा झाला होता. ती मात्र शांतपणे म्हणाली होती, देवाला जंतू होत नसतील, तसबिरीला होतात. हे वाक्य पुढे तिच्या नावावर दवाखानाभर फिरलं. आता सर्जनच्या बोलण्यावर सिस्टर हसल्या, तीही हसली. मग ती कपडे बदलायच्या खोलीत जाऊन लाकडी बाकावर बसून राहिली.

तिला त्या ओळी ठाऊक होत्या. नाकारण्यात अर्थ नव्हता, कारण आता आठवू म्हटल्याबरोबर त्या डोळ्यांपुढे येण्याऐवजी थेट ओठांवरच आल्या. तिचे वडील, नाना, अंत्यविधी करत. देवळातले नव्हेत, लग्नाकार्यातले नव्हेत. माणूस गेला की ज्यांना बोलावणं जायचं ते. गावाला त्या कामाची गरज असते आणि ते करणाऱ्याची नसते. शेजारचे गृहस्थ कामाला निघताना नाना समोरून आले तर काहीतरी विसरल्यासारखं करून घरात परत जात. शाळेत तिला कुणी विचारलं तर ती सांगायची, वडील संस्कृत शिकवतात. ते खोटंही नव्हतं, कारण रोज संध्याकाळी नाना तिच्या भावाला, दादाला, समोर बसवून त्या ओळी शिकवत. दोन खोल्यांचं घर, मध्ये पडदा. पडद्याच्या अलीकडे ती गणितं सोडवत असायची. पलीकडे दादा अडखळत असायचा, त्याला झोप येत असायची. ओळींचा अर्थ साधा होता. एकेका इंद्रियाला नावाने हाक मारायची आणि रजा द्यायची. डोळ्यांनो, तुमचं बघणं झालं, तुम्ही मोकळे. कानांनो, तुम्ही मोकळे. हातांनो, पायांनो, जिभे. मग श्वासा, तूही. मालक बाहेरगावी निघाला की गडीमाणसांना एकेक करून निरोप देतो, तसं. दादा हात आणि पाय यांत नेहमी गोंधळायचा. एकदा पडद्याअलीकडून तिने ती ओळ बरोबर म्हणून दाखवली. सहज, गणिताच्या वहीतून मान वर न काढता. मग पडदा सरला, नानांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तू उठ. आईजवळ जाऊन बस. तू तुझा अभ्यास कर." त्यानंतर तिने त्या ओळी म्हटल्या नाहीत. निदान तिला तसं वाटत होतं. त्या घरातून ती शिष्यवृत्तीवर निघाली ती शरीरशास्त्राच्या वर्गात जाऊन पोचली. तिथे डोळा म्हणजे भिंग आणि पडदा होता, श्वास म्हणजे दोन वायूंची देवघेव होती, आणि कुठल्याही इंद्रियाला कुणी हाक मारत नव्हतं. किती मोकळं वाटलं होतं तेव्हा. थंड, उजेडाच्या, चकचकीत टेबलांच्या खोलीत उभं राहून तिला वाटलं होतं, इथे लाज वाटण्यासारखं काही नाही.

मग हे सुरू कधी झालं? बाकावर बसून तिने मागे मागे जाऊन बघितलं. शिकत असताना तिचे वरिष्ठ सांगत, औषध घाईने ढकलू नका, सावकाश द्या, मनात काहीतरी मोजा. ती मोजायची, पण आकडे धावायचे. आकड्यांना धीर नसतो. टेबलावर माणूस उताणा, तिच्याकडे उलटा बघणारा, ती त्याच्या डोक्याशी उभी, आणि त्याच्या डोळ्यांत ती भीती. अशा कुठल्यातरी दिवशी जिभेने स्वतःच आपलं माप शोधलं असणार. डोक्याशी उभं राहून म्हणायच्या ओळी तिला एवढ्याच येत होत्या. त्यानंतर किती माणसं तिच्या हाताखालून गेली असतील. बाळंतिणी, म्हातारे, पाय मोडलेली पोरं. त्या सगळ्यांना तिने, देव न मानणाऱ्या बाईने, त्यांना न विचारता प्रेताचा निरोप दिला होता. अंगावर काटा आला. मग त्या काट्याचाच तिला राग आला, कारण ओळींमध्ये जर काहीच नसेल तर काटा कशाला यावा?

त्या दिवसाचा पुढचा पेशंट एक दणकट सुतार होता, खांद्याच्या शस्त्रक्रियेला आलेला. "मॅडम, मी उठेन ना नक्की?" त्याने विचारलं. "घरी तिरडीसुद्धा मीच बांधायचो सगळ्यांची, माझी बांधायला कुणी नाही." तो स्वतःच्याच विनोदावर हसला. तिने मास्क त्याच्या नाकावर धरला. तोंड घट्ट मिटून घेतलं, दातावर दात. पांढरं, दुधासारखं औषध नळीतून पुढे सरकू लागलं. तिचं सगळं लक्ष स्वतःच्या ओठांवर होतं. ओठ हलले नाहीत. झोप लागली का बघायला एरवी ती पेशंटच्या पापणीवर बोट टेकवायची, ती वेळ आली की गेली, हे तिला समजेना. हाताला ठाव राहिला नव्हता, अंधारात जिन्याची एक पायरी जास्त धरून पाऊल टाकावं तसा तो पुढे सरकला आणि औषध जास्त गेलं. मॉनिटरचा सूर खाली उतरला. रक्तदाब पडला, आणि बराच पडला. सिस्टरनी तिच्याकडे बघितलं, सर्जननेही बघितलं. तिने दुसरं औषध दिलं, सलाइन वाढवलं, पाय वर करायला सांगितले. आकडे हळूहळू जागेवर आले. सुताराला काहीच झालं नाही, त्याला ते कधी कळणारही नव्हतं. सगळं झाल्यावर सर्जन हातमोजे काढत म्हणाला, "आज गप्प होतीस." या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाईंना घरी सोडायचं होतं. त्या नेसून, वेणी घालून, खाटेच्या कडेवर बसल्या होत्या, मुलगा औषधं आणायला गेला होता. ती त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. इतकी वर्षं ती कधी पेशंटच्या शेजारी बसली नव्हती, नेहमी उभीच.

"तुमचं बरोबर होतं," ती म्हणाली. "मी म्हणत होते. मला स्वतःलाही माहीत नव्हतं. माझे वडील ते काम करायचे, ते कानावर पडलेलं तोंडात राहिलंय. पण तुम्ही कुठेही गेला नव्हतात. तुमचं हृदय एकदाही अडखळलं नाही. हवं तर कागद दाखवते."

बाई रागावतील, मुलाला सांगतील, तक्रार करतील, अशा सगळ्या तयारीने ती बसली होती.

"कागद नकोत," बाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांच्या वेळी ज्याने म्हटलं ना, त्याला पुढे कुठेतरी जायचं होतं. भरभर उरकलं. मला तेव्हापासून वाटत होतं, निरोप नीट पोचला नसेल." त्यांनी पदराची कड बोटांत गुंडाळली. "तुम्ही मात्र सावकाश म्हणत होतात. घाबरले मी, खूप घाबरले. पण मनात हेही आलं, की त्यांना असं कुणी म्हटलं असतं तर बरं झालं असतं." मग मुलगा आला आणि त्या उठल्या.

रविवारी दुपारी ती नानांकडे गेली. दादा एका जहाज कंपनीच्या कचेरीत होता, त्याचा चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, त्यातली मागची खोली नानांची. दादा-वहिनी बाहेर गेले होते. नाना खुर्चीत बसून भिंग धरून वर्तमानपत्र वाचत होते, पाय स्टुलावर. तिने आल्याआल्या सवयीने त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला. मागच्या खेपेपेक्षा खोल.

"किती?" नानांनी विचारलं.

"थोडी सूज आहे."

"थोडी," नाना म्हणाले आणि त्यांनी भिंग बाजूला ठेवलं.

तिने पाणी आणून दिलं, गोळ्या बघितल्या, खिडकी उघडली. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग एकदाचं तिने विचारलं. "नाना, ते जिवंत माणसावर म्हटलं तर काय होतं?"

नानांच्या कानात यंत्र होतं, तरी त्यांनी प्रश्न परत करायला लावला. मग म्हणाले, "कोण म्हणतंय?"

"मी. भूल देताना. नकळत."

ते रागावले नाहीत, दचकलेही नाहीत. एका कारागिराने दुसऱ्याला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "कुठवर म्हणतेस?"

"श्वासापर्यंत."

"आणि पुढची?"

"पुढची मला येत नाही. दादाला तुम्ही तेवढंच शिकवलंत."

"मग काही होत नाही. गडीमाणसं रजेवर गेली, धनी घरातच आहे. येतात ना सगळी परत कामावर?"

"औषध उतरलं की येतात. धनीबिनी काही नसतो आत, नाना. आम्ही मेंदूच्या लहरी पडद्यावर बघतो."

"काय दिसतं?"

"काही नाही. सपाट होत जातं."

नानांनी मान हलवली. "आमच्याकडेही काही दिसायचं नाही."

खाली रस्त्यावर कुणीतरी मोटार चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती धरत नव्हती. तिला आई आठवली. आईला आडवं ठेवलं होतं, बाया मागे उभ्या, ती बायांच्याही मागे, कॉलेजातून तशीच आलेली, हातात बॅग. नानांनी सगळ्या ओळी स्वतः म्हटल्या, आवाज न कापता, जसे परक्यासाठी म्हणत तशाच. मग ते खाली वाकले आणि आईच्या कानाशी त्यांचे ओठ हलले. एवढंच. ते काय होतं हे तिला ऐकू आलं नव्हतं, आणि तिने इतक्या वर्षांत ते कधी विचारलंही नव्हतं. विचारलं असतं तर आपण अजून त्या पडद्याअलीकडेच बसलोय असं झालं असतं.

"तुम्ही मला उठवलंत," ती म्हणाली. आपण हे बोलणार आहोत, याची तिला कल्पना नव्हती. "दादाला येत नव्हतं. मला येत होतं. आणि तुम्ही मला उठवलंत."

"येत होतं म्हणूनच उठवलं." नाना खिडकीकडे बघत होते. "लोक सकाळी माझं तोंड बघून घरात परत जायचे. दादाला काही येणार नाही हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं, तो सुटणारच होता. तू अडकली असतीस."

"विचारायचं तरी."

"तेव्हा मुलींना विचारत नसत," नाना म्हणाले. त्यात समर्थन नव्हतं आणि क्षमाही नव्हती. हवामान सांगावं तसं ते सांगत होते.

खाली मोटार एकदाची धरली आणि निघून गेली. ज्या ओळींची लाज वाटून ती पळाली होती, ज्यांच्यामुळे परवा अंगावर काटा आला होता, त्यांतली एक ओळ या सुजलेल्या पायांच्या म्हाताऱ्याबरोबर संपणार होती. दादाला येत नाही, कुणालाच येत नाही. नाहीशी झाली तर जगाचं काय बिघडणार होतं? काहीही नाही. कुणी विचारलं असतं तर तिने ठामपणे तसंच सांगितलं असतं. आणि तरी एखाद्या पेशंटची नाडी बोटाखालून निसटत जावी तसं काहीतरी तिला हाताला जाणवत होतं.

"ती शेवटची मला शिकवा," ती म्हणाली.

"ती कामावर येणाऱ्यालाच देतात. तू येशील? बोलावणं आलं की लोकांच्या दारात जाऊन उभी राहशील?"

तिने प्रामाणिकपणे विचार केला. थिएटर, पांढरं औषध, सोमवारच्या शस्त्रक्रिया. "नाही," ती म्हणाली. "आणि माझा विश्वासही नाही, नाना. हे तुम्हाला माहीत आहे."

"माझाही रोज नसायचा. बोलावणं रोज यायचं." ते जरा थांबले. धाप लागली होती. "राहू दे मग. संपतात गोष्टी. माझ्या वडिलांना आणखी चार ओळी येत होत्या, त्या मी कुठे घेतल्या?"

त्यांना संपण्याचं दुःख नव्हतं. तिलाच होतं. हे उलटंपालटं झालेलं तिला त्या क्षणी सहन होईना. ती उठून खिडकीपाशी गेली, परत आली. त्यांच्या नडगीवरचा अंगठ्याचा खड्डा अजून पुरता भरला नव्हता.

"एका माणसापुरतं काम घेईन," ती म्हणाली.

नानांनी वर बघितलं. यंत्र कानात असूनही ऐकू आलं नाही असं करता आलं असतं, पण त्यांनी केलं नाही.

"दादा काय म्हणेल?"

"दादा शेजारी उभा राहील. त्याला येणार नाही."

"हात आणि पाय यांत गोंधळेल," नाना म्हणाले, आणि दोघंही एकदमच थोडं हसली. मग त्यांनी पाय स्टुलावरून खाली घेतले, पाठ ताठ केली. "पुढे ये. खाली बस. खुर्चीवर नाही, इथे."

ती त्यांच्या पुढ्यात जमिनीवर बसली. गुडघे कुरकुरले. दादा बसायचा तिथे, तेवढ्याच अंतरावर. नाना वाकले, त्यांच्या श्वासाला औषधांचा कडवट वास येत होता, आणि त्यांनी तिच्या कानात ती ओळ म्हटली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा ती फारच लहान होती, दोन-तीन शब्दांची, त्यात कुठलंही इंद्रिय नव्हतं. गडीमाणसं गेल्यावर रिकाम्या घरात उरलेल्या एकाला उद्देशून, दारातून, फार आदराने म्हटल्यासारखी.

"म्हण."

तिने म्हटली. आवाज स्वतःचा वाटला नाही.

"शेवटचं अक्षर ऱ्हस्व आहे," नाना म्हणाले. "तू लांबवतेस. लांबवलं की धरून ठेवल्यासारखं होतं. सोडायचंय ना?"

तिने मान हलवली. तिला समोरचं नीट दिसत नव्हतं.

"पुन्हा," नाना म्हणाले.